नुसतं झोपायचं तर आहे!

सहल ठरवायला घरातली माणसं गोल बसली की पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य येतंच, आणि ते टाकणारा नेहमी पैसे भरणारा असतो. "दिवसभर तर पार्कात असणार. रात्री येऊन नुसतं झोपायचं तर आहे!" मुद्दा बिनतोड असतो. महाबळेश्वरला किंवा गणपतीपुळ्याला खोली हा सहलीचा भाग असतो. तिथे सज्जात बसून चहा प्यायचा असतो, समोरचं धुकं नाहीतर समुद्र बघून 'इथंच राहावंसं वाटतं' असं एकदा तरी म्हणायचं असतं. थीम पार्कची गोष्ट निराळी. सकाळी आत शिरलेलं कुटुंब रात्री बाहेर पडतं, तेव्हा आपण कुठल्या तालुक्यात आहोत हे त्यातल्या एकालाही सांगता येत नसतं. अशा माणसांना चार भिंती आणि आडवं व्हायला जागा एवढं पुरावं.

पण नुसतं झोपणं एकट्या माणसाला जमतं, कुटुंबाला नाही. आमच्यात आईला पंख्याखालची जागा चालत नाही, आत्याला पंख्याखालचीच लागते. बाबांना रात्री उठावं लागतं म्हणून बाथरूमजवळ, पण बाथरूमच्या दारासमोर नको. वहिनींना चादर आजच बदललेली हवी आणि ती आजच बदललीय याचा पुरावाही हवा. मुलांना स्विमिंग पूल हवा. माझ्या बायकोची मागणी एकच असते की तिचं मत कोणी विचारू नये. मत देणाऱ्याच्याच डोक्यावर पुढे खापर फुटतं, हे ती या घरात आल्या आल्या शिकली.

आम्हाला जायचं होतं खोपोलीच्या इमॅजिकाला. सांगलीहून तीनशे किलोमीटर. मुंबई-पुण्याची माणसं सकाळी जाऊन रात्री आपल्या घरी झोपतात आणि वर आम्हाला विचारतात, "राहायचं कशाला?" १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड झालं तेव्हाही असंच होतं. मुंबईच्या आतेभावंडांनी लाँचमधून जायचं, संध्याकाळी घरी परतायचं, आणि मेच्या सुट्टीत गावी येऊन ते सगळं आम्हाला सांगत छळायचं. आम्ही एस्सेलवर्ल्ड टीव्हीवरच्या जाहिरातीत बघितलं आणि ते बंद झाल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. मधलं सगळं आतेभावंडांकडून कळलं. त्यामुळे मनमोहन शेट्टींनी २०१३ च्या एप्रिलमध्ये खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका उघडलं, तेव्हापासून 'आता आपणही जायचं' हे घरात ठरलेलंच होतं. मुलं जन्मून पुरेशी उंच व्हायची तेवढी राहिली होती.

पार्काला लागूनच एक चांगलं हॉटेल आहे. झोपायला दोनशे पावलं चालायचं, एवढं सोपं. आमच्या बैठकीत मोबाइलवर त्याचे फोटो सगळ्यांनी आळीपाळीने पाहिले. पांढरीशुभ्र गादी, तिच्यावर टॉवेलचे दोन हंस, खिडकीत पार्क. मोबाइल फिरत दादाकडे आला. त्याने हंसांकडे ढुंकूनही न बघता बोट खाली सरकवलं, दर पाहिला आणि मोबाइल उपडा ठेवला. मग म्हणाला, "टॉवेल आहे, पुसायला असतो. त्याचे पक्षी कशाला करायचे?" हॉटेलचा विषय तिथे संपला.

संपला म्हणजे निवडीपुरता संपला. दादा बँकेत आहे, त्यामुळे जी खोली आपण घेणारच नाही तिचाही हिशोब व्हावा लागतो. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यावर १८. म्हणजे ७,४०० ची खोली घेतली तर कर ३७०, आणि ७,६०० ची घेतली तर १,३६८. "दोनशे रुपयांची चैन करायला गेलात की बाराशेला दोन कमी एवढे जातात!" दादा विजयाने म्हणाला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. दीड-दोन हजारांच्या वर जायचं नाही हे ठरलेलं असताना साडेसात हजारांच्या उंबरठ्यावरून आपण कसे वाचलो याचं समाधान घरभर पसरलं.

राहण्याच्या या प्रश्नाने खुद्द वॉल्ट डिस्नेला छळलं होतं, पण दुसऱ्या बाजूने. कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला संत्र्यांच्या बागा विकत घेऊन त्याने १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडलं. सगळा पैसा पार्कात गेला, हॉटेल बांधायला काही उरलं नाही. मग जॅक रॅदर नावाच्या टीव्ही निर्मात्याला त्याने गळ घातली, आणि त्या गृहस्थाने ऑक्टोबरमध्ये शेजारी 'डिस्नेलँड हॉटेल' सुरू केलं. नाव डिस्नेचं, गल्ला रॅदरचा. हार्बर बुलेव्हार्ड या रस्त्यावर तर बघता बघता मोटेलांची रांग लागली. पार्कात लोक येणार डिस्नेच्या उंदरासाठी आणि रात्रीचे पैसे घेणार समोरचा मोटेलवाला! वॉल्ट डिस्नेने ही गोष्ट मनाला इतकी लावून घेतली की फ्लोरिडात दुसऱ्या पार्कसाठी जागा घेताना त्याने भलत्याच कंपन्यांच्या नावांनी, गुपचूप, सुमारे २७ हजार एकर जमीन गोळा केली. तिथे पार्काच्या दारातून एकही परका लॉज दिसता कामा नये असा बेत होता. ते पार्क १९७१ मध्ये उघडलं. ते बघायला तो राहिला नव्हता. आणि एवढं करूनही लोकांना स्वस्त खोली लागतेच, हे त्याच्या कंपनीला मान्य करावं लागलं. १९९४ मध्ये त्यांनी आपल्याच आवारात स्वस्तातली हॉटेलं बांधली.

हे मी बैठकीत सांगितलं. आत्या म्हणाली, "सत्तावीस हजार एकर? मग धर्मशाळा का नाही बांधली?"

आत्याची मोजपट्टी शेगाव आहे. गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात ती दर वर्षी राहते आणि जगातल्या प्रत्येक खोलीला शेगावच्या खोलीशेजारी उभी करून बघते. शेगावात फरशी इतकी स्वच्छ, की पाय ठेवायला संकोच वाटतो. शेगावात सेवेकरी हात जोडून 'माउली' म्हणतात. शेगावात किती घेतात, हे ती शेवटी सांगते, आणि आकडा ऐकून समोरच्याला आपण आजवर जिथे जिथे राहिलो तिथे तिथे लुटले गेलो असं वाटायला लागतं. तिच्याशी वाद घालता येत नाही, कारण ती खरं बोलते. तिने तोडगाही काढला होता. इमॅजिकाचा रस्ता पुढे पालीला जातो, पालीला बल्लाळेश्वर आहे, म्हणजे राहायची सोय असणारच. शिवाय महडचा वरदविनायक तर खोपोलीच्या वाटेवरच. दोन अष्टविनायक होतील, राहणं स्वस्तात होईल, आणि मधल्या वेळेत मुलांना काय ते पाळण्यात बसवून आणा. एका वाक्यात तिने थीम पार्कला तीर्थयात्रेतल्या चहाच्या थांब्याइतकं केलं. मुलांनी गळा काढला. थोरल्या पुतण्याला शंका आली की या मार्गाने पार्क राहून जाईल आणि आठही गणपती होतील. त्याच्या वयाच्या मानाने ही शंका फार जाणती होती.

वहिनींचे मावसभाऊ पनवेलला असतात. "लॉजवर उतरलात तर पुन्हा तोंड दाखवू नका," असं ते फोनवर म्हणाले. फुकट राहण्यासारखी महाग सोय नाही, हे बायकांना लगेच कळतं. पुरुषांना हिशोब मांडून दाखवावा लागतो. तो वहिनींनीच मांडला. दहा माणसं हात हलवत जाणार नाहीत. मावसभावाला शर्टपीस, त्याच्या बायकोला साडी, मुलांना काहीतरी, सासूबाई तिथेच असतात म्हणून त्यांनाही साडी. शिवाय सांगलीहून निघायचं म्हणजे हळद, बेदाणे आणि भडंग. निघताना त्यांच्या पोरांच्या हातात प्रत्येकी पाचशे. ते आपल्या पोरांच्या हातात पाचशे ठेवणार, पण आपली तीन आणि त्यांची दोन, त्यामुळे ते मनात धरणार. आणि पार्कातून दमून आल्यावर रात्री साडेअकरापर्यंत बसून त्यांच्या फ्लॅटची किंमत आता किती झालीय ते ऐकायचं. दादाने बेरीज केली आणि म्हणाला, "यापेक्षा हंसवाला टॉवेल स्वस्त."

लोणावळ्याचा विचार प्रत्येक जण करतोच. नाव मोठं, हॉटेलं गल्लोगल्ली, आणि पुण्याहून येताना ते आधी लागतं. रस्त्याच्या कडेला उभी राहून 'रूम? बंगलो?' म्हणत गाडीला हात करणारी मुलं तर पाहुण्यांची वाट पाहत असल्यासारखीच वाटतात. पण लोणावळा घाटाच्या माथ्यावर आणि पार्क घाटाच्या पायथ्याशी. म्हणजे सकाळी उतरायचं आणि रात्री चढायचं. दादाच्या बँकेतल्या एका कुटुंबाने हे केलं होतं. दिवसभर रोलर कोस्टरमध्ये उलटसुलट होऊनही ज्या मुलाने पोटातलं पोटात ठेवलं, त्याने रात्री बोरघाटात, जिथे २०२० पर्यंत अमृतांजन पूल होता, त्या आसपास सगळं परत केलं. वर शनिवार-रविवार असेल आणि पाऊस असेल तर निम्मा महाराष्ट्र भुशी धरणाकडे निघालेला असतो. त्या दिवशी लोणावळ्यात खोली मिळत नाही, आणि खोली असलेल्याला रस्ता मिळत नाही.

मग फार्महाऊस. कर्जत-खोपोलीच्या पट्ट्यात ती इतकी झाली आहेत की मधूनमधून खरंखुरं शेत दिसलं की दचकायला होतं. तिथे दर खोलीवर नसतो, 'पर हेड' असतो. चहा, नाश्ता, दोन जेवणं आणि मुलांचा लाडका स्विमिंग पूल धरून. इथून डोकी मोजण्याचं शास्त्र सुरू होतं. पाच वर्षांखालचं डोकं मोफत, पाच ते दहा अर्धं, त्यावर पूर्ण. एसटीच्या अर्ध्या तिकिटाने मराठी मुलांची वाढ पिढ्यान्‌पिढ्या बाराव्या वर्षी रोखून धरलेली आहेच. फार्महाऊसने ती पाचव्या वर्षापर्यंत मागे आणली. आमची धाकटी पुतणी पहिलीत आहे. फोनवर दादाने तिला "साडेचार" सांगितलं आणि ती शेजारून ओरडली, "मी साडेसहा!"

पार्कवाले या बाबतीत पोचलेले. बहुतेक ठिकाणी मुलांचं तिकीट वयावर ठरतच नाही, उंचीवर ठरतं. दारातच भिंतीवर पट्टी रंगवलेली असते, आणि पट्टीला समजावता येत नाही. तिथे आईबाप मुलाला हळूच सांगतात, "जरा वाकून उभा राहा." तोच मुलगा आत मोठ्या पाळण्याच्या रांगेत तासभर उभा राहतो, पुढे पुन्हा एक पट्टी असते, आणि आता तेच आईबाप सांगतात, "टाच उचल, मान ताठ कर, केस वर घे." एका दिवसात इतक्या वेळा लहानमोठं होणाऱ्या मुलाला रात्री खोली कशीही चालते.

फार्महाऊस बारगळलं ते डोक्यांवरून नाही, दुसऱ्याच कारणाने. दिवसभर पार्कात राहायचं म्हणजे दुपारचं जेवण तिकडेच होणार. मग इकडच्या दुपारच्या जेवणाचे पैसे कापणार का? मालक म्हणाला, "नाही, पॅकेज आहे." जेवण समोर असून न खाणं दादा एक वेळ सहन करेल. पैसे भरून न खाणं त्याच्याच्याने होत नाही.

शेवटी उरली खोपोली. खोपोलीत राहायला कोणी जात नाही. खोपोलीत रमाकांतचा वडापाव खायला थांबतात आणि पुढे जातात. म्हणूनच तिथे लॉज स्वस्त असेल, हे दादाचं अनुमान. त्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आम्ही सगळे भोवती जमलो. घासाघीस हा आमच्याकडे सहकुटुंब ऐकायचा कार्यक्रम आहे.

"डबल रूम अठराशे, साहेब. नॉन-एसी."

"आम्हाला दोन रूम पाहिजेत."

"मग छत्तीसशे."

"अहो, दोन घेतोय तर काही कमी करा की."

"साहेब, दहा माणसं म्हणालात. दोन रूममध्ये दहा म्हणजे मीच जास्त घ्यायला पाहिजेत."

दादाने डावपेच बदलला. "तीन लहान मुलं आहेत हो. ती काय, कोपऱ्यात झोपतील. आणि आम्हाला नुसतं झोपायचं तर आहे! सकाळी दहाला बाहेर, रात्री दहाला आत. तुमचा पंखासुद्धा फिरणार नाही दिवसभर."

"गादीचे दोनशे पडतील. एका गादीचे."

"गाद्या आम्ही आणतो."

इथे आईने कपाळावर हात मारून घेतला. पलीकडे मॅनेजरही क्षणभर गप्प झाला. गाद्या बरोबर घेऊन येणारं गिऱ्हाईक त्यालाही नवीन असावं. तो म्हणाला, "साहेब, चौतीसशे द्या, तीन गाद्या देतो. पण आधार कार्डाच्या झेरॉक्स सगळ्यांच्या लागतील." दादाने तेहतीस म्हटलं, तो चौतीसवर ठाम राहिला, आणि ठरलं एकदाचं. फोन ठेवल्यावर दादाच्या चेहऱ्यावर जी कळा होती ती त्याच्या बढतीच्या दिवशीही नव्हती. त्याने खोल्यांतून दोनशे आणि गाद्यांतून सहाशे, असे मिळून आठशे रुपये वाचवले होते.

त्यानंतर पाच मिनिटांत त्याने पार्काची दहा तिकिटं मोबाइलवर काढली. त्या पैशांत लॉजवर आरामात तीन रात्री काढता आल्या असत्या. पण तिथे तो एक अक्षर बोलला नाही, कारण बोलणार कोणाशी? पडद्यावर आकडा येतो आणि खाली 'पे' लिहिलेलं असतं. त्या बटणाला 'काही कमी करा की' म्हणता येत नाही. पार्कातही तेच. लॉकर, पाण्याची बाटली, पाळण्यावरून खाली येताना किंचाळणाऱ्या आपल्याच तोंडाचा फोटो, सगळं छापील दराने. दादाने तो फोटोही घेतला. त्यात त्याचे डोळे मिटलेले आहेत. दिवसभरात आम्ही आत जे मुकाट्याने दिलं, त्याचा सगळा राग खोपोलीच्या त्या बापड्या मॅनेजरने आगाऊ सोसला होता. आपल्याकडे काटकसर स्वस्त वस्तूंवर होत नाही आणि महाग वस्तूंवरही होत नाही. समोर माणूस असेल तिथे होते. तो माणूस जितका गरीब, तितकी ती जोरात.

लॉज लॉजसारखाच होता. काउंटरवर साईबाबा, खाली 'फक्त कुटुंबासाठी' अशी पाटी, जिन्यात फिनेलचा वास. वहिनींनी चादर उलटी करून पाहिली, मग सुलटी करून पाहिली, आणि घरून आणलेली तिच्यावर पसरली. पुरावा मागायच्या भरीस त्या पडल्या नाहीत. आत्या खोलीच्या मधोमध उभी राहून चारही भिंती बघत होती. 'शेगाव' हा शब्द तिने उच्चारला नाही, पण तो सगळ्यांना ऐकू आला. गिझरचं बटण दाबलं तर दिवा लागला, पाणी तापलं नाही. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून टाटांनी १९१५ पासून खोपोलीत वीज तयार केली, त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाथरूमपर्यंत मात्र ती तेवढ्या जोमाने पोचली नव्हती. मॅनेजरने खालून गरम पाण्याच्या बादल्या पाठवल्या. त्याचे पैसे लावले नाहीत, हे दादाने दोनदा विचारून घेतलं.

आणि खरोखरच सगळे नुसते झोपले. ज्या मुलांनी स्विमिंग पूलसाठी आठवडाभर भुणभुण लावली होती, ती बुटांसकट झोपली. पंखा कोणाच्या अंगावर येतोय हे बघायलाही कोणी जागं नव्हतं.

सकाळी नाश्ता करून, बॅगा भरून आम्ही दहाला जिन्यात आलो. महडला दर्शन घ्यायचं, मग तीनशे किलोमीटर. दादा चाव्या द्यायला काउंटरवर गेला आणि मॅनेजर सहज बोलून गेला, "एवढ्यात निघालात, साहेब? आपल्याकडे चोवीस तासांचं चेकआऊट आहे. पार्कात जायच्या आधी सामान ठेवायला तुम्ही काल दुपारी बाराला आला होतात ना? बारापर्यंत रूम तुमच्याच आहेत."

दादा चाव्या घेऊन परत वर आला. "बारापर्यंतचे पैसे दिलेत आपण," तो म्हणाला. बाबांनी समजावलं, आईने ऊन चढतंय म्हणून सांगितलं, आत्याने वरदविनायकाची शपथ घातली. तो खुर्चीत बसला होता. मग एकेक जण बसला. बॅगा परत आत आल्या. आत्याने पंखा पाचवर केला, आईने तो दोनवर आणला. मुलांनी खिडकी उघडली आणि पहिल्यांदाच घाट दिसला. काल तो कोणी बघितलाच नव्हता. बाबा बाथरूमजवळच्या गादीवर आडवे झाले आणि घोरायला लागले. वहिनींनी घरची चादर पुन्हा बाहेर काढली.

पावणेबाराला दारावर टकटक झाली. मॅनेजर होता. पुढचं गिऱ्हाईक खाली येऊन बसलंय, बायका-मुलं आहेत, खोली झाडायची आहे, निघताय का साहेब?

"पंधरा मिनिटं आहेत अजून," दादा म्हणाला, "आणि माणसं झोपलीत."